खाऱ्या पाण्यातलं कोकरू

गोष्ट सन १९९६ची. तेव्हा माझं वय चोपन्न. शाळा म्हणाल तर चौथीच्या मधेच सुटली, त्यामुळे माझ्या लिहिण्यात कुणाला खोट दिसली तर ती त्याने स्वतःजवळ ठेवावी. मला कुणी लिहा म्हणून सांगितलेलं नाही. मला लिहायचंय म्हणून मी लिहितोय.

आमचं गाव विट्याच्या पलीकडं, पूर्वेच्या कोरड्या अंगाला. बाप मेंढरं राखायचा, आजाही तेच करायचा. मला मेंढरांमागं फिरायचं नव्हतं. गावातला एकजण दक्षिणेत गलाईचं दुकान चालवायचा, त्याच्या मागं लागून मी गेलो तो गेलोच. गलाई म्हणजे सोनं गाळायचं काम. सोनाराकडनं जुन्या दागिन्यांची मोड आली की ती मुशीत, मातीच्या भांड्यात, वितळवायची, मग तेजाबात उकळायची. तांबं-चांदी सगळं ते तेजाब खाऊन टाकतं आणि तळाला उरतं ते शुद्ध सोनं. पुढं माझं स्वतःचं दुकान झालं. बंदराचं गाव होतं. दुकानाची गल्ली जिथं संपायची तिथनं समुद्र सुरू व्हायचा. सगळी उमेद मी भट्टीपुढं बसून घालवली आणि तेवढा सगळा काळ माझ्या पाठीमागं तो आवाज होता. भट्टीचा भाता थांबला की समुद्र ऐकू यायचा. मला वाटायचं, हा दुसरा भाता कुणीतरी आपल्यासाठीच लावून ठेवलाय.

तेजाबाचा तांबूस धूर छातीत बसत गेला आणि शेवटी खोकल्याबरोबर रक्त आलं. सांगलीच्या डॉक्टरने छातीचा फोटो उजेडावर धरला आणि म्हणाला, "पुन्हा भट्टीपुढं बसलात, तर पुढच्या वेळी माझ्याकडं यायची गरज उरणार नाही."

मी म्हटलं, "तुमी फोटू बघा. माझं मी बघतो."

आमची मंडळी माझ्या मागं उभी होती. तिने डॉक्टरला हात जोडले, बाहेर आल्यावर मला म्हणाली, "त्यो काय तुमचा नोकर हाय व्हय? आनी माझं कोन बघनार, ते बी जरा सांगा."

दुकान धाकट्या भावाच्या हाती दिलं आणि मी गावाला आलो. लग्नानंतर ती बहुतेक गावीच राहिली होती. म्हातारी माणसं होती, रान होतं. मधे दोनेक महिने माझ्याकडं बंदराच्या गावी येऊन राहिली, पण तिचा जीव तिथं रमला नाही. "सगळं वलंच वलं. पापड वाळत न्हाई, मीठ कोरडं ऱ्हात न्हाई, मानूस तरी कवा वाळनार?" असं म्हणायची. ती कोरड्या मातीतली बाई. तिचं माहेरसुद्धा मेंढरंवाल्यांचंच. आता नवरा एकदाचा कायमचा घरी आला म्हणून तिला बरं वाटत होतं. मला मात्र वाटत नव्हतं.

दुपारी जेवण झालं की गाव गप्प व्हायचं. लिंबाचं पानसुद्धा हलायचं नाही. मी सोप्यात बसून कान लावायचो आणि काहीच ऐकू यायचं नाही. ज्याने कधी समुद्राजवळ घर केलं नाही त्याला हे कळायचं नाही. तिथं मी समुद्राकडं बघायला म्हणून कधी गेलो नव्हतो. कामातनं सवड कुठं होती? पण तो होता. आता गल्ली संपली की पुढं नुसतं माळरान लागायचं आणि त्या माळरानाचा मला राग यायचा.

बंदरावर आमच्या दुकानाला लागून एकाचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. तिथलाच माणूस, मोडकी हिंदी बोलायचा. माझी हिंदीसुद्धा तसलीच, म्हणून आमचं जमायचं. मी गावी आल्यावर त्याने भावाकडं निरोप दिला, "तेरे भैया को समुंदर भेजता हूँ." आणि ज्येष्ठात भाऊ गावी आला तेव्हा खरंच घेऊन आला. दुहेरी प्लास्टिकच्या पिशव्या, त्यांत हवा भरलेली, त्या थर्मोकोलच्या पेटीत. एका पिशवीत नारिंगी रंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे. दुसरीत एका दगडाला चिकटलेलं, कातड्यासारखं, भुईछत्रीच्या आकाराचं काहीतरी. ते पोवळ्याच्या जातीचं, मऊ, जिवंत आहे असं भावाने सांगितलं.

काचेची टाकी मी सांगलीत करून घेतली. रत्नागिरीकडनं मासळीचा ट्रक यायचा, त्याच्या ड्रायव्हरला सांगून समुद्राचं पाणी कॅन भरून आणवलं. तो पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघतच राहिला. म्हणाला, "मामा, लोक मासं मागवतात, तुमी पानीच मागवताय." हवेची मोटार लावली, दोन ट्यूबलाइट टांगल्या. बुडबुड्यांचा आवाज सुरू झाला तेव्हा मी डोळे मिटून बसलो. तो समुद्राचा आवाज नव्हता. पण काहीच नव्हतं त्यापेक्षा काहीतरी होतं.

अख्खं गाव बघायला आलं. पारावरचा एक म्हातारा वाकून वाकून बघत म्हणाला, "आवं, हे बरं हाय. ह्येंच्या कालवनात मीठ घालायला नगो."

दोन दिवसांनी ती भुईछत्री उघडली. तिच्या अंगभर बारीक बारीक लव आली. एकेका लवेच्या टोकाला फुलासारखं काहीतरी होतं, आणि ती सगळी लव पाण्याबरोबर हलायची. आमची मंडळी तोवर टाकीकडं वळूनसुद्धा बघत नव्हती. त्या दिवशी भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून आली आणि म्हणाली, "अगं बया! हे तर कोकरू हाय. नवी लोकर आल्यालं."

तेव्हापासून घरात त्याचं नाव कोकरू पडलं. सकाळी उठली की तिचा पहिला प्रश्न, "कोकरू उठलं का?"

आता मी काय करायचो ते सांगतो. दिवसातनं जेव्हा जेव्हा मला तिकडची सय यायची, तेव्हा मी उठून टाकीत चिमूटभर खाद्य टाकायचो. मासे वर यायचे, पाणी हलायचं, मला बरं वाटायचं. सय काय दिवसातनं एकदाच येती होय? शिवाय पाणी आटलं की बोअरचं पाणी ओतायचो. आमच्या आजूबाजूला सगळ्या द्राक्षबागा, खताच्या गोण्यांवर गोण्या रानात पडायच्या. ते सगळं झिरपून बोअरला आलं असलं तर नवल नाही. दसरा झाला आणि टाकीची काच हिरवी व्हायला लागली. खरवडून काढली की चार दिवसांत पुन्हा हिरवी. मग दगडांवर शेवाळाच्या जटा वाढल्या. मग कोकराच्या बुडाला. कोकरू हळूहळू मिटत गेलं. आधी संध्याकाळी मिटायचं, मग दुपारी, मग उघडेचना.

कार्तिकात गावची यात्रा. गलाईवाले देशभरातनं गावी येतात, भाऊसुद्धा आला. जेवताना मी त्याच्यादेखत बोललो, "हे गेलं तर माझं हितं काय ऱ्हायलं? तुझ्याबरोबर येतो मी."

भाऊ म्हणाला, "या की दादा. दुकान तुमचंच हाय. फकस्त भट्टीपुढं बसायचं न्हाई."

"मग काय गल्ल्यावर गंध लावून बसू?"

 मंडळी वाढता वाढता थांबली. मी तिथं गेलो की पहिल्याच दिवशी भट्टीपुढं बसणार हे तिघांनाही माहीत होतं, आणि बसलो की काय होणार हेही. मी जेवून उठलो, ट्रंक खाली काढली, तीत चार कपडे घातले आणि वर माझी सांडशी ठेवली. लांब दांड्याची, मूस धरायची. ती मी दुकानात कुणालाही हात लावू दिली नव्हती आणि गावी येताना बरोबर आणली होती. भाऊ निघायच्या दिवशी ट्रंक उचलायची, एवढंच राहिलं होतं.

मंडळी एवढंच म्हणाली, "मेलं तर जानार ना? अजून मेलं न्हाई त्ये."

दुसऱ्या दिवशी तीच मला ओढत विट्याला घेऊन गेली. एसटीडीच्या काचेच्या खोक्यात आम्ही दोघं कोंबून उभे राहिलो आणि बंदरावरच्या त्या माशेवाल्याला फोन लावला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, यात्रेला निघताना भावाजवळ मी शेवाळावरचा एक पुडा दिलाय, तो त्याने दिला नाही का? भाऊ पिशवीतच विसरला होता. माशेवाल्याने मग फोनवर समजावलं. खाद्यातनं आणि खतातनं फॉस्फेट नावाची घाण पाण्यात येते, शेवाळ तिच्यावर जगतं, आणि पोवळ्याला ती सोसत नाही. पुड्यातले दाणे ती घाण पाण्यातनं ओढून आपल्या अंगात धरून ठेवतात. ते दाणे नीट धुवायचे. जाळीच्या पिशवीत घालायचे, मोकळे टाकायचे नाहीत. जिथं पाणी वाहतं तिथं पिशवी ठेवायची. आणि थोडेच घालायचे. हे त्याने तीनदा सांगितलं, "भैया, थोडा डालना. धीरे धीरे. पानी एकदम साफ मत करना, वो डर जाता है." पिशवी भरली की काढून फेकून द्यायची, पुन्हा वापरायची नाही. टाकीत लोखंड घालायचं नाही. हाताला साबण असेल तर हात घालायचा नाही. आणि खाद्य कमी करा, नाहीतर पुडे संपतील पण घाण संपणार नाही.

मी "हां, हां" म्हणत होतो. मंडळीला हिंदी फारशी कळायची नाही, पण ती रिसिव्हरला कान लावून उभी होती.

"काय म्हनाला त्यो?" बाहेर आल्यावर तिने विचारलं.

"धुवून घाला म्हनाला."

"आनी 'धीरे धीरे' काय म्हनाला?"

"तुला कसं कळलं?"

"तुमी एवढी वर्सं तिकडं जाऊन हिंदी शिकलाय, मी काय शिनेमा बघितला न्हाई?"

घरी येऊन पुडा फोडला. आत पांढरे दाणे, साबुदाण्यासारखे. ती म्हणाली, "आता ह्याला बी एकादशी का?" भाऊ हसला. बरोबर एक बारकी काचेची नळी आणि थेंबांची बाटली होती. नळीत टाकीचं पाणी घेऊन थेंब टाकायचे, पाणी जितकं गडद निळं होईल तितकी घाण जास्त. आमचं पाणी शाईसारखं झालं.

दाणे धुवायचं काम माझं. ह्यात मला कुणी शिकवायचं नाही. गलाईच्या दुकानातला केरसुद्धा फेकत नाहीत. तो घमेल्यात घालून, पाणी ओतून, हलवून हलवून धुतात आणि त्यातनं सोन्याची कणी काढतात. ती हलवण्याची एक लकब असते, मनगटातनं. त्याच लकबीने मी ते दाणे धुतले. आधी दुधासारखं पाणी निघालं. ते बारीक पीठ टाकीत गेलं असतं तर कोकराच्या अंगावर बसलं असतं. मी पाणी ओतत राहिलो आणि निवळशंख पाणी आल्याशिवाय थांबलो नाही. पहिलं पाणी लागलं तेव्हा दाणे तळहातावर चांगलेच गरम झाले. मंडळीने बोट लावून बघितलं आणि चटकन मागं घेतलं.

"ह्यात आग हाय," ती म्हणाली. "समदं घालू नगा."

नव्या मच्छरदाणीचा तुकडा उकळून तिने पिशवी शिवली होती. मी तिच्यात पुड्यातले सगळे दाणे भरले.

"आवं, समदं नगा म्हनलं ना. त्यो बी तेच म्हनाला."

"घान काढायची तर पुरी काढायची. अर्धी काढून काय लोनचं घालायचंय?"

"माझ्या बापाचं ऐका. दुस्काळातनं उपाशी आल्यालं मेंढरू आमी हिरव्या रानात येकदम सोडत न्हवतो. आधी येक तोंड, मग बांधून ठेवायचं. न्हाईतर पोट फुगून मरतं."

"मेंढरू येगळं आनि हे येगळं."

"तुमीच म्हनताय न्हवं कोकरू?"

मी ऐकलं नाही. पिशवी बुडबुड्यांजवळ सोडली. आयुष्यभर मी एकच काम केलं होतं, घाण शेवटच्या कणापर्यंत काढायची. तेजाब उकळायचं, तांबूस धूर येईतोवर उकळत ठेवायचं, धूर थांबला की पुन्हा नवं तेजाब. त्यात मधे थांबणारा माणूस गलाईवाला नव्हे. माझ्या हातचं सोनं सोनार डोळे मिटून घ्यायचे. मी चुकलो असं मी तेव्हा म्हटलं नाही आणि आत्ताही म्हणणार नाही. मला जे येत होतं ते मी केलं.

दुसऱ्या दिवशी पाणी आरशासारखं लखलखीत झालं. थेंब टाकले तर निळा रंग जेमतेम. आणि कोकरू? ते आखडून मुठीएवढं झालं होतं. अंगावर एक लव नाही, वरनं मेणासारखा थर चढलेला. कातरून उन्हात उभ्या केलेल्या मेंढरासारखं दिसत होतं.

मी ट्रंकेकडं बघितलं. मंडळीने मी बघितलेलं बघितलं.

तिने उठून हात नुसत्या पाण्याने धुतले, पदराला न पुसता हवेत वाळवले, आणि टाकीत हात घालून पिशवी वर काढली. दाणे परातीत ओतले. त्यातले मूठभर, नुसते मूठभर, परत पिशवीत भरले, तोंड बांधलं आणि पिशवी होती तिथं ठेवली. मग माझ्या समोरनं खाद्याची डबी उचलली आणि कनवटीला खोचली.

"ती कुठं चालवलीस?"

"सय आली की मला हाक मारायची. डबी मागायची न्हाई."

 तिला सगळं माहीत होतं. किती दिवसांपासून माहीत होतं, कोण जाणे.

बोअरचं पाणी बंद झालं. तेजाबात मिसळायला आम्ही जे डिस्टिल पाणी वापरायचो, तसलंच गॅरेजवाला बॅटरीत घालतो, हे मला ठाऊक होतं. त्याच्याकडनं ते आणलं आणि आटलेली जागा त्याने भरली. भाऊ म्हणाला, "वैनी, तुमच्या कोकराला बॅटरी चढवलीया, आता हॉर्न तेवढा बसवा." ती म्हणाली, "हॉर्न हाय की घरात. दिवसभर खोकतोय."

मग नुसती वाट बघणं. ते दिवस मला नीट आठवतात. यात्रा उरकली. पाळणेवाले, खेळणीवाले गेले. भाऊ जायच्या तयारीला लागला. मी टाकीपुढं पाट टाकून बसायचो. मला खोकला आला की ती आतनं बघायची, मी ट्रंकेजवळ गेलो की चूल सोडून बाहेर यायची. आणि दिवसातनं चार-पाच वेळा मला सय यायची तेव्हा मी हाक मारायचो, "अगं, ए." ती यायची. माझ्या शेजारी बसायची. डबी कनवटीला तशीच. पहिल्यांदा आम्ही नुसते बसलो. मग ती म्हणाली, "काय आटवलं आत्ता?"

मी म्हटलं, "पावसाळ्यात समुद्र गल्लीत यायचा. दुकानाच्या पायरीपत्तोर."

"आनी?"

"आनी माशेवाला खुर्चीवर पाय घेऊन बसायचा. मला म्हनायचा, भैया, तेरा सोना भीग गया."

ती हसली. दर हाकेला ती येऊन विचारायची आणि मी सांगायचो. जे मी तिला कधीच पत्रातनं कळवलं नव्हतं, ते सगळं त्या दिवसांत सांगून झालं. बंदरावरचा भोंगा. पहाटेच्या होड्या. मी आजारी पडलो तेव्हा शेजारणीने पाठवलेली पेज. दुसऱ्या गावात मी एकटा कसा जगलो हे तिला ठाऊकच नव्हतं. मासे सकाळी एकदा, बेताचंच खात होते. काचेवर नवं शेवाळ येईना.

ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. टाकी परड्यात आहे, तिच्यात लसूण ठेवतात. गावी आल्यावर मला समुद्राची ओढ लागली होती ती खरी, पण आता ती ओढ मला आठवून आठवून आठवावी लागते. ओढ लागते ती "काय आटवलं आत्ता?" ह्या विचारण्याची. सोप्यात बसलो की मी अजून हाक मारतो. नातसुना म्हणतात, म्हाताऱ्याला भास होतात. होऊ देत.

तर भाऊ निघायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. दुपारची वेळ. मी ट्रंकेला कुलूप घालत होतो. भाऊ सोप्यात पान लावत बसला होता. मंडळी टाकीपुढं बसली होती, कोकराच्या तोंडाशी तोंड लावल्यासारखी. तीन-चार दिवसांपूर्वी कोकराच्या अंगावरचा तो मेणचट थर सालीसारखा सुटून वाहून गेला होता. पण लव काही आली नव्हती.

"आवं," ती म्हणाली. आवाज एवढा हळू की मला वाटलं घरात कुणी झोपलंय. "हिकडं या."

मी गेलो. कोकराच्या कडेकडेने बारीक दाण्यासारखं काहीतरी वर आलं होतं. आम्ही बघत होतो तोवर एक दाणा उघडला. मग त्याच्या शेजारचा. मग सगळी एक बाजू. लव अजून आखूड होती, पण होती, आणि पाण्याबरोबर हलत होती.

भाऊ मागं येऊन उभा राहिला. म्हणाला, "वैनी, जगलं की वो."

ती म्हणाली, "जगनार न्हाई तर काय? उपाशी हुतं, त्येला येकदम कुरनात सोडलं. आता सावकाश चरतंय." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "हे मेलं तर जानार, असं तुमी बोलला हुता. जगलं तर काय, ते कुनी बोललं न्हाई. तुमचं तुमी ठरवा."

  मला तसलं बोलायची सवय नव्हती. मी थेंबांची बाटली काढून नळीत पाणी घेतलं, कारण हाताला काहीतरी काम पाहिजे होतं. निळा रंग फिका होता, पण होता. पूर्वी मला तो पार घालवायचा होता. आता मी नळी उजेडावर धरली आणि त्या फिक्या निळ्याकडं बघत राहिलो. बंदरावर पाऊस थांबल्यावर लांबवर तसला रंग दिसायचा.

ती चुलीकडं गेली. वाटेसाठी दशम्या करायच्या होत्या. परातीत पीठ घेतलेलं मला ऐकू आलं. मग हात थांबल्याचंही ऐकू आलं.

"आवं," तिने आतनंच विचारलं, "येकाच्या करू का दोघांच्या?"

भाऊ माझ्याकडं बघत होता. टाकीत बुडबुडे वाजत होते. मी म्हटलं, "पीठ कमी मळ."

 मग दशमी थापल्याचा आवाज आला, आणि मला माहीत आहे की ती रडत होती, कारण थापायचा ठेका तिचा असा कधी चुकत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, हात नुसत्या पाण्याने धुतले आणि टाकीतनं ती पिशवी बाहेर काढली. दाणे जेवढं धरायचं तेवढं धरून बसले होते. माझा धंदा कचरासुद्धा न फेकण्याचा. भट्टीत भाजून हे पुन्हा कामाला येतील, असं मनात आलंच. पण माशेवाल्याने फेका म्हणून सांगितलं होतं. मी परड्यात गेलो आणि पिशवी डाळिंबाच्या बुंध्याशी झटकून रिकामी केली. मग ट्रंक उघडून सांडशी काढली, धोतराच्या फडक्यात गुंडाळली, आणि भावाबरोबर विट्याच्या स्टँडवर गेलो. मिरजेची गाडी लागली होती. तो आत बसला तेव्हा मी खिडकीतनं सांडशी त्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, "दांडा जरा सैल हाय, मूस धरताना जपून." तो काहीतरी म्हणाला, पण गाडी सुरू झाली होती. मी घरी आलो आणि दारातनंच हाक मारली, "अगं, ए."